सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी : एका हंगामाच्या नोंदी

३ मे

आजपासून वही सुरू. गेली कित्येक वर्षं आम्ही पेरणीच्या आदल्या दिवशी जिवाणू खताचं पाकीट (मुळावर गाठी करून पिकाला हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळवून देणारे जिवाणू) आणतो, बियाण्याला चोळतो आणि विसरून जातो, त्याचा फायदा झाला का तोटा झाला हे कधी कुणी बघितलंच नाही. यंदा मात्र बघायचं. दोन रानं घेतलीत. वरच्या रानात काकांच्या आठवणीत सोयाबीन कधी झालेलंच नाही, खालच्या रानात आठ-नऊ वर्षं सलग सोयाबीन आहे. माती दिसायला दोन्हीकडे सारखीच, पण जिवाणूंच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी रानं असणार असा माझा अंदाज आहे, आणि सगळा प्रयोग त्या अंदाजावरच उभा आहे.

सकाळी नमुने काढले. प्रत्येक रानात नागमोडी चालत १२ ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेतला आणि त्याच्या कडेची १५ सेंटीमीटरपर्यंतची माती खरवडून घेतली. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताचा ढीग पडायचा तिथली जागा सोडली. सगळी माती गोणपाटावर पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, परत चार केले, असं करत शेवटी अर्धा किलो उरली ती सावलीत वाळत घातलीये.

१७ मे

रिपोर्ट आला. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅशियम) भरपूर. दोन्ही रानांत फारसा फरक नाही, म्हणजे तुलना करायला बरं.

सेंद्रिय कर्बाचा आकडा बघून वाईट वाटलं. हा आकडा ज्या पद्धतीने काढतात ती वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची, अजून बऱ्याच लॅबमध्ये तीच चालते. स्फुरदाला ओल्सेनची पद्धत, म्हणजे सामू ८.५ केलेल्या सोडियम बायकार्बोनेटमध्ये माती हलवायची आणि किती स्फुरद सुटतो ते मोजायचं. आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीला हीच योग्य. दादाने रिपोर्ट बघून लगेच विचारलं की स्फुरद कमी आहे तर खत वाढवायचं का. मी म्हटलं थांब, स्फुरद जमिनीत असतो पण कॅल्शियमला चिकटून बसलेला असतो, तो मुळाला मिळत नाही, त्यासाठी वेगळे जिवाणू असतात, तेही दोन-चार ओळींत करून बघू.

२४ मे

प्लॅन पक्का केला. आधी मनात फक्त दोन पट्टे होते, एक जिवाणू लावलेला आणि एक न लावलेला. पण मग कळलं की त्यातून अर्धवट उत्तर मिळेल, कारण समजा दोन्ही सारखेच आले तर जिवाणूंनी काम केलं नाही की जमिनीत नत्र पुरेसा होता म्हणून फरक दिसला नाही, हे सांगता येणार नाही. म्हणून तिसरा पट्टा घेतला, जिवाणू नाही पण युरिया तीन हप्त्यांत. तो पट्टा हिरवागार आला आणि साधा पिवळा राहिला तर नत्राची भूक होती हे नक्की, आणि मग जिवाणूचा पट्टा या दोघांच्या मधे कुठे बसतो ते बघायचं. माझ्या मते हा तिसरा पट्टा नसेल तर प्रयोग करूच नये.

प्रत्येक प्रकार चार वेळा, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली. काका म्हणाले चिठ्ठ्या कशाला, ओळीने लाव की. पण रानाचा उत्तरेकडचा कोपरा सखल आहे, तिथे पाणी थांबतं, एकाच प्रकाराचे सगळे पट्टे तिकडे गेले तर त्याच्यावर अन्याय होईल. हे सांगितल्यावर त्यांनीच चिठ्ठ्या उचलल्या.

१ जून

पाकिटं आणली, आणि माझ्याकडून एक चूक झाली ती लिहून ठेवतो. सहा पाकिटं होती, घरी आल्यावर पाच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि एक गाडीत डॅशबोर्डवरच राहिलं. दुपारभर गाडी उन्हात होती. संध्याकाळी हात लावला तर पाकीट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं गरम. आतली काळी भुकटी दिसायला तशीच, वासही तसाच, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

फेकून देणार होतो, मग वाटलं की हे पाकीट सोन्यासारखं आहे. असं गरम झालेलं पाकीट किती जण नकळत वापरत असतील! वरच्या रानात चौथा प्रकार करायचा, उन्हात राहिलेलं पाकीट. चिठ्ठ्या परत टाकल्या.

२ जून

लॅबमधल्या मैत्रिणीकडे दोन्ही पाकिटं घेऊन गेलो. १ ग्रॅम भुकटी निर्जंतुक पाण्यात, त्यातलं १ मिलि पुढच्या ९ मिलिमध्ये, परत त्यातलं १ पुढच्यात, असं दहा-दहा पटीने पातळ करत गेलो आणि प्रत्येक पातळीचा ०.१ मिलि प्लेटवर पसरला. प्लेटवरच्या माध्यमात, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यात, काँगो रेड नावाचा लाल रंग घातलेला असतो, रायझोबियमच्या (गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या) वसाहती तो रंग फारसा घेत नाहीत म्हणून लाल प्लेटवर त्या पांढरट, चकचकीत थेंबांसारख्या दिसतात आणि बाकीचे उपरे जिवाणू बरेचदा लाल होतात. सोयाबीनचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम, फार सावकाश वाढतो, आठवडाभर तरी थांबावं लागतं. ती म्हणाली दोन दिवसांत काही मोठं उगवलं तर खूश होऊ नकोस, ती भेसळ असते.

१० जून

प्लेटा मोजल्या. एका प्लेटवर ३० ते ३०० वसाहती असतील तेवढीच प्लेट धरायची असा नियम, कमी असतील तर योगायोग, जास्त असतील तर एकमेकींत मिसळतात. फ्रिजमधल्या पाकिटाच्या दहा लाख पट पातळ केलेल्या प्लेटवर ४६ वसाहती, म्हणजे ग्रॅमला ४६ कोटी. गाडीतल्या पाकिटाची त्या पातळीची प्लेट कोरी. त्याच्या दहा हजार पट पातळ प्लेटवर कशाबशा ३१, म्हणजे ग्रॅमला ३१ लाख. एका दुपारच्या उन्हाने जवळजवळ दीडशे पट फरक, आणि भुकटी डोळ्याला सारखीच!

पण बियाला काय मिळतं ते खरं महत्त्वाचं, म्हणून तिथेच बसून हिशोब केला. आमच्या बियाण्याचे १००० दाणे साधारण १२५ ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत ८००० दाणे. किलोला २५ ग्रॅम पाकीट लावायचं. चांगल्या पाकिटातून एका दाण्याच्या वाट्याला १४ लाख जिवाणू, गरम झालेल्यातून दहा हजारसुद्धा नाहीत. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला एक ते दहा लाख लागतात असं मानतात, आणि चोळताना, वाळवताना, पेरताना त्यातले बरेच मरतात ते वेगळंच.

२० जून

पेरणी झाली. परवा चांगला पाऊस झाला, काल उघडीप, आज वाफसा. पहाटे पाचला सुरुवात केली.

क्रम नीट पाळला. बुरशीनाशक कालच लावून वाळवलं होतं, तेही तांबंयुक्त नको हे आधीच बघितलं कारण तांबं या जिवाणूंना मारतं. जिवाणू सगळ्यात शेवटी, आज सकाळी, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात भुकटी कालवून. ताडपत्रीवर १० किलोचा ढीग, त्यावर ते पाणी थोडं थोडं शिंपडत हलक्या हाताने वरखाली केलं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, जोरात चोळलं की सुटतं आणि तो दाणा उगवत नाही, म्हणून चोळणं म्हणण्यापेक्षा घोळवणं म्हणावं. पाच मिनिटांत पिवळसर दाण्यांवर काळा मुलामा चढला, डोळ्याच्या जागी जरा जास्तच. सावलीत अर्धा तास वाळवलं, मूठभर घेऊन सोडलं तेव्हा दाणा दाण्याला चिकटत नव्हता, मगच पेटीत भरलं.

पट्टे पेरायचा क्रमही ठरवून ठेवला होता. आधी साधे, मग युरियाचे, मग गाडीतल्या पाकिटाचे आणि सगळ्यात शेवटी चांगल्या पाकिटाचे. उलटं केलं असतं तर पेरणी यंत्राच्या पेटीत आणि नळ्यांत राहिलेली काळी भुकटी साध्या पट्ट्यात गेली असती. तरीसुद्धा मधे मधे पेटी स्पिरिटच्या फडक्याने पुसली. दादा वैतागला, पण पुसली.

सुपर फॉस्फेट बियाच्या पेटीत मिसळू दिलं नाही, वेगळ्या नळीतून बियाच्या बाजूला आणि खाली. ते आम्लधर्मी असतं, बियाला खेटून पडलं तर वर लावलेले जिवाणू तिथेच मरतात. आम्ही इतकी वर्षं सगळं एकत्र कालवून पेरत होतो, मग फरक कुठून दिसणार!

दुपारी काका म्हणाले, हे जिवाणूचं नवीन खूळ आहे, आमच्या वेळी नव्हतं. नवीन नाही हो, १८८८ साली हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी शेंगवर्गीय पिकं गाठींच्या मदतीने हवेतला नत्र घेतात हे दाखवलं, त्याच साली बायरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला, आणि १८९६ मध्ये नोब्बे आणि हिल्टनर यांनी पिकाप्रमाणे वेगवेगळं जिवाणू संवर्धक विकायला पेटंटसुद्धा घेतलं. युरियाच्या पोत्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. काका ऐकून घेतात, मग विचार करतात, आज काही बोलले नाहीत.

२७ जून

उगवण चांगली. सगळे पट्टे सारखे दिसतात, अजून काही कळायचं नाही.

१५ जुलै

पंचवीस दिवस झाले, आज पहिल्यांदा खणलं. झाड उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि मग गाठी नाहीत असं वाटतं. वीतभर लांबून कुदळीने ढेकळासकट उचलायचं, बादलीत भिजत ठेवायचं आणि माती आपोआप सुटली की मग मुळं बघायची. प्रत्येक पट्ट्यात तीन झाडं, म्हणजे प्रत्येक प्रकाराची १२.

वरचं रान. साध्या पट्ट्यातल्या १२ झाडांवर मिळून दोन गाठी. युरियाच्या पट्ट्यात एकही नाही. गाडीतल्या पाकिटाच्या पट्ट्यात कुठे एक, कुठे दोन, पाच झाडांवर काहीच नाही. आणि चांगल्या पाकिटाच्या पट्ट्यात प्रत्येक झाडावर आठ-दहा, सोटमुळाच्या वरच्या भागात, बियाच्या खालच्या दोन-तीन बोटांत गच्च बसलेल्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या. दादा बादलीजवळ उकिडवा बसून एकेक गाठ मोजत होता, मला हातच लावू देईना.

खालचं रान बघून अंदाज खरा वाटायला लागला. तिथे साध्या पट्ट्यातही गाठी आहेतच, भरपूर. फक्त जागा वेगळी, त्या सोटमुळाला नाहीत, बाजूच्या बारीक मुळांवर लांबपर्यंत विखुरलेल्या आहेत. बियाला लावलेले जिवाणू बियाजवळच्या मुळात शिरतात म्हणून वरती घोळका दिसतो, आणि जमिनीतले जुने जिवाणू मूळ त्यांच्यापर्यंत जाईल तिथे तिथे शिरतात. म्हणजे नुसत्या गाठीच्या जागेवरून थोडंफार सांगता येतं की ही पाकिटातली का जमिनीतली.

३ ऑगस्ट

वरच्या रानात आता लांबूनच पट्टे ओळखू येतात. साधे पट्टे फिकट, खालची पानं पिवळी. युरियाचे गडद. चांगल्या पाकिटाचे आठवड्यापूर्वी जरा फिकटच होते, मी घाबरलो होतो, पण ते दहा दिवस गाठी तयार होऊन कामाला लागेपर्यंतचे असावेत, आता युरियाच्या बरोबरीला आलेत. गाडीतल्या पाकिटाच्या पट्ट्यात एकेक झाड हिरवं आणि शेजारचं पिवळं, असं चट्टेरी.

गाठी नखाने फोडून बघितल्या. चांगल्या पट्ट्यातली गाठ आतून लालसर गुलाबी, मांसासारखी, नखाला डाग लागतो. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज नावाचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण जिवाणूला जगायला आणि ताकद तयार करायला ऑक्सिजन तर हवाच, हवेतल्या नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) १६ रेणू खर्ची पडतात, म्हणून हे लाल द्रव्य ऑक्सिजन मोजून मापून आत पोचवतं आणि मोकळा फिरू देत नाही. गाठ फोडून आत पांढरी असेल तर ती अजून कच्ची आहे किंवा कामाची नाही, हिरवट-करडी असेल तर म्हातारी झाली. गाठींचा नुसता आकडा सांगणाऱ्यांना माझी विनंती आहे की पाच गाठी तरी फोडून बघा.

खालच्या रानातल्या युरियाच्या पट्ट्यात गाठी कमी आणि बारीक निघाल्या. झाडाला नत्र आयता मिळतोय, मग गाठी पोसायला साखर कशाला खर्च करेल! जिवाणू लावायचा आणि वर युरियाही फेकायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. आपणच आणलेल्या पाकिटाला आपणच मारत होतो.

१६ ऑगस्ट

चार दिवस झड. उत्तरेच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी. चर काढला.

२० ऑगस्ट

कोपऱ्यातली झाडं पिवळी पडली, चांगल्या पाकिटाच्या पट्ट्याचा एक तुकडापण तिथेच आहे. खणून बघितलं तर गाठी आहेत पण फोडल्यावर आत फिकट. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा आत जात नाही, गाठीला श्वास घेता येत नाही आणि काम थांबतं. जिवाणू लावून भागत नाही, पाण्याचा निचरा हेपण सुपीकतेचंच काम आहे, हे मी आजपर्यंत वेगळ्या खात्यात टाकत होतो. चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्या कोपऱ्याने सगळा निकाल फिरवला असता.

३० ऑगस्ट

शेंगा भरताहेत. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या चार ओळींबद्दल लिहायचं राहिलं होतं. ते जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि त्याने कॅल्शियमला चिकटलेला स्फुरद सुटतो, लॅबच्या प्लेटवर वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं दिसतं ते मी स्वतः बघितलंय, फार सुंदर दिसतं. पण रानात मला काही फरक दिसला नाही. माझं मत असं की आमच्या चुनखडीच्या मातीत तेवढंसं आम्ल चुनाच खाऊन टाकतो, आणि सेंद्रिय कर्ब ०.४२ असताना त्या जिवाणूंना आम्ल बनवायला खाणं तरी कुठून मिळणार. चार ओळींवरून निकाल द्यायचा नाही, पुढच्या वेळी कंपोस्टसोबत लावून बघू.

७ ऑक्टोबर

काढणी, मळणी झाली. प्रत्येक पट्ट्याचं पोतं वेगळं, वजन वेगळं, दादाने चिठ्ठ्या पोत्यात आत आणि बाहेर दोन्हीकडे लावल्या.

वरच्या रानात चांगलं पाकीट आणि युरिया जवळजवळ बरोबरीत, एका ठिकाणी पाकीट पुढे, दुसरीकडे युरिया पुढे, आणि पाणी थांबलेल्या तुकड्यात पाकीट मागे. साधे पट्टे चारही ठिकाणी सगळ्यात मागे. गाडीतलं पाकीट साध्याच्या जरासं वर, एका ठिकाणी तर साध्याएवढंच. खालच्या रानात तिन्ही प्रकारांत मला फरक काढता आला नाही, जे आहे ते पट्ट्यापट्ट्यातल्या चढउताराएवढंच.

म्हणजे खालच्या रानात इतकी वर्षं पाकीट फुकट गेलं का? दरवर्षी सोयाबीन असलेल्या रानात दर हंगामाला लावलंच पाहिजे असं मला आता वाटत नाही, पण तीन-चार वर्षं पीक बदललं किंवा रान बरेच दिवस पाण्याखाली राहिलं तर परत लावेन. आणि वरच्या रानासारख्या नव्या जागेत न लावता पेरणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं.

रात्री आणखी एक हिशोब केला आणि झोप लागली नाही. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, त्याला ६.२५ ने भागलं की ६.४ टक्के नत्र. म्हणजे एका क्विंटलमागे ६.४ किलो नत्र पोत्यातून बाहेर जातो. गाठी चांगल्या असल्या तरी झाडाचा सगळा नत्र हवेतून येत नाही, बरेचदा निम्मा किंवा निम्म्याहून जरा जास्त, बाकीचा जमिनीतूनच. आपण म्हणतो सोयाबीनने जमीन सुधारते, पण दाणे सगळे नेले आणि भुसकटही नेलं तर जमिनीच्या खात्यातून उलट वजाच होतं. सकाळी काकांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि भुसकट न्यायला आलेली ट्रॉली परत पाठवली.

१८ ऑक्टोबर

भुसकट दोन्ही रानांत पसरलं. पानं आधीच गळून पडली होती ती लवकर कुजतील, काड्यांना वेळ लागेल. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं, ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. सोयाबीनचं भुसकट त्यापेक्षा बरं, पण काड्या जाड आहेत, म्हणून कंपोस्ट मिसळून वरच्या थरातच ठेवलं, खोल नांगरलं नाही.

वरच्या रानात आता हरभरा. दादा म्हणाला सोयाबीनचं एक पाकीट उरलंय फ्रिजमध्ये, तेच लावू. चालणार नाही, हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेसोरायझोबियम सायसेरी, सोयाबीनवाला हरभऱ्याच्या मुळात गाठ करत नाही. कुलुपाला त्याचीच किल्ली लागते, मूळ जे रसायन सोडतं ते ओळखणाराच जिवाणू आत शिरतो.

२१ ऑक्टोबर

हरभऱ्याची पाकिटं आली. या वेळी काकाच आणायला गेले होते, थर्मासच्या डब्यात बर्फ घालून, आणि पाकिटांना ओल लागू नये म्हणून पिशवीत गुंडाळून. उत्पादनाची तारीख त्यांनी तिथेच बघून घेतली, जुनी होती ती परत दिली. मैत्रिणीकडे प्लेटा लावून आलो. हा जिवाणू सोयाबीनवाल्यापेक्षा लवकर वाढतो, पाच दिवसांत मोजता येतील. साध्या पट्ट्याची जागा काकांनी खुंट्या ठोकून ठेवलीये, उत्तरेचा कोपरा सोडून.